लंगडी पागा

एका राज्यात राजाला मुजरा करण्याआधी त्याच्या घोड्यांना मुजरा करायची रीत होती. कारणही तसंच होतं. त्या राज्याच्या तीन अंगांना डोंगर होते आणि चौथ्या अंगाला वाळवंट. आणि ते वाळवंट जिवंत होतं. अंधार पडला की ते तसूतसूनं पुढे सरके, शेतांच्या बांधांवर चढे, विहिरींत डोकावे. मग सकाळ होई, राजाचे घोडे सीमेवरून दौडत जात, आणि त्यांच्या टापांना भिऊन वाळू मुकाट मागे हटे. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. लोक पेरत होते, कापत होते, लेकीबाळींची लग्नं लावत होते आणि वाळवंटाकडे पाठ करून निवांत झोपत होते.

या घोड्यांच्या पागेची किल्ली राजकन्या यशोलेखेच्या कमरेला असे. ती महाराज भद्रकेतूंची एकुलती एक लेक. आई ती लहान असतानाच गेली. पुढे महाराजांच्या सांध्यांत वात शिरला आणि गुडघे, घोटे, कंबर, एकेक सांधा गंजलेल्या बिजागरीसारखा अडकत गेला. ते आसनाला खिळले. कुठे जायचं तर भोई मेण्यातून नेत. बापाला धावताना लेकीनं कधी पाहिलं नाही. तिनं धावणं पाहिलं ते घोड्यांचं.

एका सकाळी महाराजांचा पांढरा घोडा शुभ्रांग लंगडत बाहेर आला. उजवा पुढचा पाय जमिनीला टेकला की त्याची मान झटक्यानं वर जाई. यशोलेखेनं पाय उचलून खूर पाहिला. खडा नव्हता, काटा नव्हता, नाल सैल झाला नव्हता. मग तिचा हात गुडघ्यावर गेला. गुडघा कवठाएवढा सुजला होता आणि तव्यासारखा तापला होता.

"याला काल कुणी बाहेर काढलं होतं?" तिनं विचारलं.

"कुणीही नाही, राजकन्ये," पागेचा नाईक गोमदेव म्हणाला. यशोलेखेला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं ते यानंच.

"मग गुडघा आपोआप सुजला?"

"मला तरी तसंच दिसतं."

यशोलेखेनं त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवसापर्यंत तिनं गोमदेवाकडे तशा नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मेघवर्ण नावाचा सावळा घोडा उठेना. त्याच्या मागच्या पायाचा घोटा सुजला होता. मग एका तांबड्या घोडीचा खांदा आखडला. मग दुडक्या चालीनं निघालेला एक तरुण घोडा अर्ध्या वाटेत थबकला आणि तीन पायांवर उभा राहून थरथरू लागला. यशोलेखेनं विहीर बदलली, चारा बदलला, जुने नाल उपटून नवे ठोकवले. पागेच्या दाराशी पहारा बसवला, आणि पहारेकऱ्यांवर दुसरे पहारेकरी. तरी सकाळ उजाडली की एखादा घोडा लंगडत असे.

सीमेवर दौडणारे घोडे कमी झाले. वाळूला ते लगेच समजलं. तिनं आधी एक बाजरीचं शेत गिळलं, मग एक आमराई.

सुदैवानं त्याच वसंतात महाराज बरे झाले होते. एके दिवशी ते आपल्या पायांनी चालत दरबारात आले, आणि नगरात घरोघरी तोरणं लागली. धाकट्या राणी मंजुघोषा यांचं व्रत फळलं, असं लोक म्हणाले. यशोलेखा त्या दिवशी आनंदानं रडली होती. आता पागेतल्या चिंतेनं ती काळवंडली की महाराज स्वतः चालत पागेच्या दारापर्यंत येत. आत मात्र येत नसत. घोड्यांचे हाल त्यांना बघवत नसावेत, असं तिला वाटे.

"घोडे म्हातारे होतात, लेखे," ते तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत.

"सगळे एकदम, तात?"

"कधी कधी."

एवढं बोलून ते बागेकडे निघून जात, आणि त्यांची ती ताठ चाल बघून तिला थोडं बरं वाटे.

पण संशय एकदा मनात शिरला की तो रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही. यशोलेखेनं पागेची झडती घेतली. चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या पोत्यात तिला करडी पूड सापडली.

"हे काय, गोमदेव?"

"सुंठ, ओवा आणि काळं मीठ. घोड्यांच्या पोटासाठी. तुमच्या आजोबांच्या वेळेपासून घालतो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तिनं गोमदेवाला वेशीबाहेर हाकललं. तो घोडे घासायचा खरारा खाली ठेवून, एकेका घोड्याच्या मानेवरून हात फिरवून निघून गेला. घोडे लंगडतच राहिले. मग तिनं राजवैद्य धन्वराजांना बोलावलं. त्यांनी ज्या घोड्याच्या गुडघ्याला तेल चोळलं, त्याचा दुसराही गुडघा संध्याकाळी सुजला. राजवैद्य तुरुंगात गेले. घोडे लंगडतच राहिले.

एकदा भर दुपारी, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार जेवायला गेलेले असताना, यशोलेखेला पागेत बांगड्यांचा आवाज आला. ती दबकत आत शिरली. राणी मंजुघोषा शुभ्रांगापाशी वाकून त्याच्या गुडघ्याला काहीतरी बांधत होत्या.

"हे काय, राणीसाहेब?"

राणी दचकल्या नाहीत. "निरगुडीचा पाला, वाफवलेला. माझ्या माहेरी सुजलेल्या सांध्याला हाच बांधतात."

"चोरून?"

"उघडपणे येऊ दिलं असतं का?"

"हे विष नाही कशावरून?"

राणींनी त्यातलं एक पान तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि गिळलं. कडवटपणानं त्यांचा चेहरा वाकडा झाला. पण नजर यशोलेखेवरून हलली नाही. "आणखी काय हवं?"

राणींचं माहेर वाळवंटापलीकडे होतं. यशोलेखेला एवढं पुरलं. तिनं राणींना त्यांच्या महालात कोंडलं आणि दाराला कडी घालून ती पागेत परतली. त्या संध्याकाळी तिच्या आवडत्या सारंगी घोडीखेरीज एकही धड उरला नव्हता.

पागेच्या भिंतीवर एक भारद्वाज येऊन बसला. काळं अंग, तपकिरी पंख, डोळे गुंजेसारखे लाल. त्याचं दर्शन शुभ मानतात. यशोलेखेनं मात्र त्याच्यावर दगड उगारला.

"दगड ठेव," भारद्वाज म्हणाला. "तुझ्या घोड्यांना रोग झालेला नाही. कुणाचा तरी रोग त्यांच्या सांध्यांत राहायला आलाय."

"कुणाचा?"

"ते नाव घ्यायची मला बंदी आहे. काळडोहाच्या काठी शंबरी नावाची मांत्रिकीण राहते. तिच्याकडे चल."

"तू मला राज्याबाहेर काढतो आहेस. मागे काय होणार आहे?"

"मागे जे होतंय ते तू इथे असतानाच होतंय," पक्षी म्हणाला.

यशोलेखेनं भारद्वाजाच्या पायाला दोरा बांधला, दोऱ्याचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि ती निघाली. सारंगीला तिनं मागेच ठेवलं. उरलेली ती एक घोडी तिला वाटेत गमवायची नव्हती. जन्मात पहिल्यांदाच ती एवढं चालली. भारद्वाजही उडण्यापेक्षा चालणंच पसंत करणारा, तो तिच्यापुढे तुरुतुरु जात राहिला.

काळडोहाचं पाणी शाईसारखं होतं, आणि शंबरी त्या पाण्यावर घोंगडी अंथरून बसली होती.

"मला तुझा भरवसा नाही," यशोलेखा आल्या आल्या म्हणाली.

"मग बरोबर ठिकाणी आलीस," शंबरी म्हणाली. "ज्याला भरवसा असतो त्याला मी काहीच सांगत नाही, तो ऐकतच नसतो. नीट ऐक. कुणीतरी आपलं दुखणं तुझ्या घोड्यांना देतो आहे. त्याच्या पायात शापाचा तोडा आहे. तो तोडा बळानं निघत नाही. त्यावर लेप लागला तर तो ढिला पडेल, आणि मग त्या माणसानं एकेका घोड्याला नावानं हाक मारून आपलं दुखणं परत मागायचं. शेवटचं दुखणं परतलं की तोडा गळून पडेल. एक जरी घोडा राहिला, तर तोडा पुन्हा आवळेल आणि सगळं पहिल्यापासून सुरू होईल."

"लेप कशाचा?"

"तीन वस्तूंचा. खिंडीतल्या दगडी घोड्याच्या शेपटीचा केस. खोटं बोलणाऱ्या विहिरीचं पाणी. तिसरी वस्तू पहिल्या दोन मिळाल्यावर विचार. आधी सांगितली तर तू इथूनच परत फिरशील."

यशोलेखा खिंडीत गेली. तिथे दगडी घोडा उभा होता. त्याच्या पायाशी माणसांची हाडं पडली होती. सगळी त्याच्या मागच्या पायांच्या आवाक्यात. यशोलेखेनं ते पाहिलं आणि ती लांबून वळसा घालून त्याच्या खांद्याच्या बाजूनं आली. आधी बोलली, मग हात पुढे केला, मग तळवा मानेवर ठेवला आणि न उचलता पाठीवरून शेपटीपर्यंत सरकवत नेला. दगड उबदार होता.

"केस न्यायला आलेले सगळे मागून आले," दगडी घोडा म्हणाला. "तू मागून का आली नाहीस?"

"मागून येणाऱ्यावर घोडा विश्वास ठेवत नाही. मीही ठेवत नाही."

दगडी घोड्यानं एक केस काढू दिला. तो तारेसारखा ताठ होता आणि हातात धरला की गुणगुणत असे.

मग ती विहिरीपाशी गेली. विहीर माळावर एकटीच होती.

"मी कोरडी आहे," विहीर म्हणाली. "पायऱ्या भक्कम आहेत, खुशाल उतर."

म्हणजे पाणी होतं, आणि पायऱ्या कुजल्या होत्या. यशोलेखा उतरली नाही. तिनं आपला शेला आत सोडला, भिजवून वर ओढला आणि बरोबर आणलेल्या भोपळ्याच्या तुंबडीत पिळला. निघता निघता ती थांबली. या विहिरीचा उपयोग आणखी एका गोष्टीला होता.

"माझ्या घोड्यांना गोमदेवानं लंगडं केलं का?"

"होय," विहीर म्हणाली. "त्यानंच."

यशोलेखेनं पुढचं नाव घेतलं. "राजवैद्य धन्वराजांनी?"

"होय. त्यांनीच."

"राणी मंजुघोषांनी?"

"होय. तिनंच. तिचं तोंड बघूनच कळतं."

यशोलेखा विहिरीच्या काठावर बसली. वेशीबाहेर गेलेला म्हातारा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि पाला चावणारी ती बाई. मग तिनं आणखी नावं घेतली: मोतद्दारांची, पहारेकऱ्यांची, प्रधानांची, स्वयंपाक्याची. या भारद्वाजाबद्दलही विचारलं. प्रत्येक नावाला विहीर होय म्हणाली.

"आणखी कुणाबद्दल विचारायचं राहिलं का?" भारद्वाजानं विचारलं.

"नाही. सगळे झाले."

पक्ष्यानं मान वळवली आणि वाटेवरचा एक किडा टिपला.

ती काळडोहाला परतली. केस आणि पाणी बघून शंबरीनं मान डोलावली.

"आता तिसरी वस्तू. ज्याच्यावर तुला एकदाही संशय आला नाही, त्याच्या पायाखालची माती. तिन्ही एकत्र कालव, आणि माती ज्याच्या पायाची, त्याच्याच पायाला लाव."

यशोलेखा हसली. "असा कुणी नाही. मला सगळ्यांचा संशय आला."

"मग लेप होणार नाही," शंबरी म्हणाली, आणि घोंगडीसकट पाण्याखाली गेली.

यशोलेखा परतीच्या वाटेला लागली. चालता चालता ती एकेक माणूस आठवत होती. माळ्याचा संशय आला होता. नगारा वाजवणाऱ्या आंधळ्याचा आला होता. स्वतःच्या दासीचा तर दोनदा आला होता. विहिरीला तिनं नगरातली सगळी नावं विचारली होती. सगळी, आणि तरी...

ती वाटेतच उभी राहिली. भारद्वाज दोरा ताणला जाईपर्यंत पुढे गेला आणि वळला.

"तू नाव का घेत नव्हतास?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

"मी राजाच्या खजिन्याचा राखणदार आहे. ज्याचे दाणे खातो त्याचं नाव मला घेता येत नाही."

यशोलेखा खाली वाकली. मग तिनं त्याच्या पायातला दोरा सोडला. तो पळाला नाही.

ती नगरात पोचली तेव्हा वाळू वेशीच्या कमानीत आली होती. बायका सुपांनी ती मागे लोटत होत्या. पागेच्या दारात सारंगी उभी होती, डावा मागचा पाय उचलून धरलेला. यशोलेखेला बघून ती खिंकाळली नाही. नुसती मान खाली घातली.

महाराज बागेत होते. दुपारचं ऊन होतं, माळ्यानं नुकतंच पाणी सोडलं होतं, आणि मोगऱ्याच्या वाफ्यांमधून महाराज फिरत होते. एखाद्या तरुणासारखे हलके, मध्येच एखादी पाण्याची पन्हळ उडी मारून ओलांडणारे. यशोलेखा आवाज न करता मागून गेली आणि ओल्या मातीपाशी गुडघ्यांवर बसली.

मातीत माणसाचं पाऊल नव्हतं. टापा उमटल्या होत्या.

एक रुंद टाप शुभ्रांगाची होती. कड तुटलेली, ती मेघवर्णाची. आणि ही अरुंद, चंद्रकोरीसारखी, अजून पाणी भरत असलेली टाप सारंगीची. त्या सगळ्या टापा तिच्या ओळखीच्या होत्या. आजवर ओळखू आली नव्हती ती महाराजांच्या पायांतली त्यांची चाल, कारण बापाची स्वतःची चाल तिनं कधी पाहिलीच नव्हती.

तिनं मूठभर माती उचलली.

"लेखे?" महाराज वळले. तिच्या हातातली माती त्यांना दिसली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तोडा कुठे मिळाला, महाराज?"

तिनं 'तात' म्हटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. "खजिन्यात. माझ्या पणजोबांनी तो दालनात चिणून टाकला होता. मी मेण्यातून जाऊन भिंत फोडवली. तोड्यावर कोरलं होतं, 'चाल घे, चालणाऱ्याकडून.' पहिल्या दिवशी मला अर्थ ठाऊक नव्हता."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

महाराज मोगऱ्याकडे वळले.

"दुसऱ्या दिवशी, महाराज?"

"दुसऱ्या दिवशी मी बागेपर्यंत आलो. किती वर्षं झाली, या मोगऱ्याला मी हात लावला नव्हता. सज्ज्यातून त्याचा वास येई आणि मी आसनात बसून असे. मला फक्त बागेपर्यंत यायचं होतं."

"मग?"

"बागेला पलीकडे दार आहे, लेखे."

वाऱ्याबरोबर बागेत वाळूचे कण आले आणि मोगऱ्याच्या पानांवर वाजले.

"मी गोमदेवाला हाकललं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"राणीसाहेबांना कोंडलं तेव्हा?"

"होतं."

घोड्यांपेक्षाही हे तिला जास्त लागलं. तिनं तुंबडी उघडली, तो केस दगडावर कुटला, पाणी आणि माती घालून लेप कालवला. मग शंबरीनं सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं.

"म्हणजे तुला माझ्यावर बळ चालवता येत नाही," महाराज सावकाश म्हणाले.

"नाही."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर मी वेशीच्या कमानीत जाऊन बसेन. वाळूला राजवाड्यात यायचं असेल तर ती माझ्यावरून येईल."

महाराजांनी तिच्या हातातल्या काळसर लेपाकडे पाहिलं. "हे विष नाही कशावरून?"

"हे मीही एकीला विचारलं होतं," यशोलेखा म्हणाली. "तिला मी कोंडून ठेवलंय."

ती महालाकडे गेली आणि तिनं कडी काढली. राणी मंजुघोषा दाराकडे तोंड करूनच बसल्या होत्या, जणू या घटकेची वाट बघत होत्या.

"राणीसाहेब, तुम्हाला ठाऊक होतं?"

"संशय होता. अंगणात त्यांच्या पावलांना घोड्यांचा वास यायचा."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

यशोलेखेनं मान खाली घातली. दोघी बागेत आल्या. महाराज चौथऱ्यावर बसले होते. बराच वेळ ते आपल्या पायांकडे बघत राहिले, एखाद्या पाहुण्याला निरोप देताना बघावं तसे. मग त्यांनी उजवा पाय पुढे केला आणि धोतराचा काठ वर घेतला. घोट्यात तांबूस सोन्याचा तोडा होता, कातडीत रुतून बसलेला. यशोलेखेनं लेप लावला. तोडा कण्हला आणि किंचित सैल झाला.

महाराज पागेत शिरले. इतके दिवस ते दारातूनच परत फिरत होते. सगळ्या घोड्यांनी एकदम माना वळवल्या, आणि महाराजांना क्षणभर पुढचं पाऊल टाकवेना.

पहिला शुभ्रांग. महाराजांनी त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर तळवा ठेवला. "शुभ्रांगा, माझं दुखणं मला दे. तुझी चाल तू घे."

गुडघ्यावरची सूज पाणी ओसरावं तशी उतरली. शुभ्रांगानं पाय जमिनीवर टेकला, पुन्हा टेकला, आणि त्याची मान वर गेली नाही. त्याच क्षणी महाराजांचा गुडघा वाकला. त्यांनी खांब धरला.

"मेघवर्णा." घोटा गेला. तांबड्या घोडीच्या वेळी खांदा. प्रत्येक घोड्याबरोबर तोडा एकेक बोट ढिला होत होता आणि महाराज एकेक वर्षानं वाकत होते. मध्येच त्यांनी एका घोड्याचं नाव चुकवलं; घोड्यानं कान मागे पाडले आणि काहीच झालं नाही. यशोलेखेनं नाव सांगितलं. त्यांनी ते पुन्हा, नीट उच्चारलं. एका बाजूनं राणींनी त्यांना धरलं, दुसऱ्या बाजूनं यशोलेखेनं. अर्ध्या पागेनंतर ते चालत नव्हते, दोघी त्यांना नेत होत्या. बाहेर लोक ओरडत होते की वाळू बाजारपेठेत शिरली.

शेवटी सारंगी राहिली.

महाराजांच्या कपाळावर घाम होता. तोडा घोट्यात लोंबत होता. त्यांच्या अंगात एकच सांधा धड उरला होता, डाव्या पायाचा. ते त्यावर भार टाकून उभे होते.

"लेखे," ते म्हणाले, "पाठ फिरव."

"का?"

"राजाला जमिनीवर कोसळताना लेकीनं बघू नये."

यशोलेखेनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. कदाचित ते खरं बोलत होते. कदाचित त्यांना तो एक सांधा ठेवायचा होता. एका पायावर, काठी टेकत, माणूस बागेपर्यंत जाऊ शकतो. तिला कळेना. आणि आपल्याला कळत नाही, हेच तिला फार जड गेलं.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "मी बघणार."

त्यांचे ओठ थरथरले. राग होता की दुःख, ते यशोलेखेला आयुष्यभर ठरवता आलं नाही. सारंगीनं आपणहून मान लांब केली आणि त्यांच्या छातीला नाक लावलं. महाराजांनी डोळे मिटले.

"सारंगी," ते म्हणाले, "माझं दुखणं मला दे. तुझी चाल तू घे."

तोडा फरशीवर पडला आणि घंटेसारखा वाजला. महाराज कोसळले ते दोघींच्या हातांत. भारद्वाज तुरुतुरु चालत आत आला, त्यानं चोचीत तोडा उचलला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. त्यानंतर खजिन्याचं ते दालन आतून बंद झालं, आणि भिंतीत दार कुठे होतं हेही कुणाला सापडलं नाही.

यशोलेखेनं खोगीरसुद्धा घातलं नाही. ती सारंगीवर चढली, आणि अख्खी पागा तिच्यामागे सुटली. बाजारपेठेतून, वेशीच्या कमानीतून, बुडालेल्या आमराईवरून टापांचा गडगडाट गेला. वाळू आधी थबकली, मग थरारली, मग आपलीच पाठ ओढत मागे पळाली. संध्याकाळपर्यंत बाजरीचं शेत उघडं पडलं. पीक वाळलं होतं, पण जमीन तीच होती.

राजवैद्यांना तुरुंगातून सोडलं, तेव्हा ते यशोलेखेशी एक शब्दही न बोलता दुसऱ्या राज्यात निघून गेले. गोमदेव मात्र वेशीबाहेर एका छपराखाली राहत होता. यशोलेखा स्वतः त्याच्याकडे गेली.

"माझं चुकलं, गोमदेव."

"होय, चुकलं," गोमदेव म्हणाला. "घोडे कसे आहेत?"

"धावतायत. परत चल."

"चंदीच्या पोत्याची झडती पुन्हा होणार असेल तर येत नाही."

यशोलेखेनं विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "होईल," ती म्हणाली. "पण माझीही झडती तू घेत जा."

गोमदेवाला हे पटलं. तो आला.

महाराज पुन्हा आसनाला खिळले. राणी मंजुघोषा रोज सकाळी त्यांच्या गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधत, आणि भोई त्यांना मेण्यातून मोगऱ्यापाशी नेत. भर दरबारात एके दिवशी त्यांनी मुकुट काढून यशोलेखेपुढे धरला.

"हे राज्य आता तू कर," ते म्हणाले. "माझ्यावर कुणी विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही."

यशोलेखेनं मुकुट घेतला, पदरानं पुसला आणि दोन्ही हातांनी परत त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"नाही, महाराज. तुम्ही सिंहासनावरच बसा," ती म्हणाली. "तिथे तुम्ही मला दिसता."

महाराज भद्रकेतूंनी तिच्याकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसले. मग त्यांनी दुखरा हात आसनाच्या कडेवर टेकवला आणि त्या दिवसाचा न्याय सुरू केला.

तिकडे सीमेवर रोज सकाळी घोडे दौडत राहिले, वाळू मागे सरत राहिली, आणि राज्य नांदत राहिलं. ज्यांनी ही कथा ऐकली त्यांचे सांधे हलके राहोत, आणि सांगणाऱ्याचेही.